अनोळखी दगड हाती आला, आता पुढे? खडे आणि खनिजं जमवणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोटो पाठवतो, दगड ओळखून द्याल का?

बहुतेक वेळा नाही. फोटोत रंग दिसतो आणि ढोबळ आकार दिसतो. दगडाचं वजन, कठिनता, प्रकाश आतून कसा जातो, यातलं काहीच दिसत नाही. आणि रंग हा सगळ्यांत बेभरवशाचा साक्षीदार आहे. जांभळा पारदर्शक खडा ॲमेथिस्ट असेल, फ्लोराइट असेल, जांभळा नीलम असेल, स्पिनेल असेल, नाहीतर सरळ सरळ काच असेल.

याचं कारण असं की बऱ्याच रत्नांचा रंग त्यांचा स्वतःचा नसतोच, तो आत शिरलेल्या भेसळीचा असतो. कुरुंद हे खनिज शुद्ध असेल तर रंगहीन असतं. त्यात थोडंसं क्रोमियम आलं की माणिक, लोह आणि टायटॅनियम आलं की निळा नीलम. तेच क्रोमियम बेरिल या खनिजात शिरलं की हिरवागार पाचू होतो. म्हणजे एकच मूलद्रव्य एका ठिकाणी लाल रंग देतं आणि दुसऱ्या ठिकाणी हिरवा. म्हणून "हिरवा आहे, पाचू असेल का?" या प्रश्नाला फोटो बघून कोणी ठाम "हो" म्हणालं, तर त्या माणसाकडून खडा विकत घेऊ नका.

फोटो पाठवायचाच असेल तर कोरड्या दगडाचा, दिवसाच्या उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून काढा. आणि तुटलेल्या बाजूचा जरूर काढा. झिजून गुळगुळीत झालेल्या बाजूपेक्षा तुटलेली बाजू जास्त बोलते.

मग सुरुवात कुठून करायची?

धूळ कोरड्या मऊ ब्रशने झटकून, आणि दगड ओला असेल तर वाळवून. ओला दगड सगळ्यांना भुलवतो. पाण्याचा पातळ थर खडबडीत पृष्ठभागावरचे खळगे भरून काढतो, रंग गडद होतो, आणि नदीकाठी माणिक वाटलेला गोटा घरी येईपर्यंत विटकरीचा तुकडा होतो.

मग दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. नवशिके भिंग दगडावर धरून लांबून बघतात. ते तसं नाही. भिंग डोळ्याजवळ, जवळजवळ पापणीला लागेल इतकं न्यायचं, आणि दगड हळूहळू भिंगाकडे आणायचा. साधारण अडीच सेंटिमीटरवर चित्र एकदम स्वच्छ होतं. दोन्ही हात एकमेकांना टेकलेले ठेवा, म्हणजे थरथर होत नाही.

पुढचा क्रम महत्त्वाचा आहे. ज्या तपासण्यांनी दगडाला काही होत नाही त्या आधी: नजर, हाताला जाणवणारा जडपणा, चुंबक, प्रकाश, विशिष्ट गुरुत्व. ओरखडा, कस, आम्ल या सगळ्या शेवटी, आणि त्याही गरज पडली तरच. मनात प्रश्नही जरा फिरवून घ्या. "हा काय आहे?" असं विचारण्याऐवजी "हा काय काय नाही?" असं विचारा. दहा शक्यतांतून आठ खोडणं सोपं असतं, शून्यातून एक नाव काढणं अवघड.

खनिज, खडक आणि रत्न यांत फरक काय?

खनिजाची रासायनिक घडण ठरलेली असते आणि अणूंची मांडणी शिस्तीत असते. अनेक खनिजं एकत्र आली की खडक. रत्न हा शब्द मात्र निसर्गाचा नाही, माणसाचा: सुंदर, टिकाऊ, दुर्मिळ वाटलं ते रत्न. म्हणून या यादीत सगळेच घुसलेत. मोती आणि पोवळं जिवांनी घडवलेलं, अंबर म्हणजे झाडाची जुनी राळ, लाजवर्द हा खडक, आणि ओपलमध्ये स्फटिकी शिस्तच नाही.

कठिनता कशी तपासायची? सुरीने ओरखडून पाहिलं तर चालतं का?

ओबडधोबड तुकड्यावर चालतं. पैलू पाडलेल्या खड्यावर कधीही नाही.

फ्रीडरिक मोज या जर्मन खनिजतज्ज्ञाने १८१२ मध्ये दहा खनिजांची उतरंड लावली, ती आजही वापरात आहे: १ शंखजिरे, २ जिप्सम, ३ कॅल्साइट, ४ फ्लोराइट, ५ ॲपेटाइट, ६ ऑर्थोक्लेज फेल्डस्पार, ७ क्वार्ट्झ म्हणजे आपली गारगोटी, ८ टोपाझ, ९ कुरुंद, १० हिरा. वरचा खालच्याला ओरखडतो, एवढाच तिचा अर्थ. पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. नऊ आणि दहा यांच्यामधली दरी इतकी मोठी आहे की हिरा कुरुंदाच्या कित्येक पट कठीण भरतो.

घरातल्या वस्तूंतून अंदाज येतो. नख साधारण २.५, तांब्याचं नाणं ३ च्या जरा वर, पोलादी सुरी आणि खिडकीची काच ५.५ च्या आसपास, चांगली कानस ६.५. दगडाच्या लपलेल्या कोपऱ्यावर दोन मिलिमीटरची रेघ पुरे. मग बोट ओलं करून ती पुसा. पुसली गेली तर तो ओरखडा नव्हता, सुरीचं धातू दगडावर घासून राहिलं होतं. म्हणजे दगडच सुरीपेक्षा कठीण निघाला. हे पुसून बघणं बहुतेक जण विसरतात आणि निष्कर्ष बरोबर उलटा काढतात.

आणखी एक घोटाळा इथेच उरकून घेऊ. कठीण म्हणजे चिवट नव्हे. "खरा हिरा घणाने फुटत नाही" ही समजूत चुकीची आहे. हिऱ्याला ठरावीक दिशांनी सहज दुभंगणारी प्रतलं असतात, योग्य जागी घाव बसला की त्याचे तुकडे होतात. उलट नेफ्राइट हा जेडचा प्रकार कठिनतेत साडेसहाच्या वर जात नाही, पण त्याचे तंतू एकमेकांत इतके गुंतलेले असतात की फोडताना घाम निघतो.

काचेवर ओरखडा पडला म्हणजे हिराच ना?

नाही. गारगोटीनेही पडतो, फेल्डस्पारनेही पडू शकतो. "हिऱ्यापोटी गारगोटी" ही म्हण आपल्याकडे आहेच, फक्त काचेच्या परीक्षेत दोघंही पास होतात.

वजनावरून दगड ओळखता येतो असं ऐकलं. घरी जमेल का?

जमेल, आणि माझ्या मते घरी करण्यासारखी ही सगळ्यांत भरवशाची तपासणी आहे. रंग बदलता येतो, चमक बदलता येते, पण विशिष्ट गुरुत्व बदलणं फार अवघड. विशिष्ट गुरुत्व म्हणजे दगड तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या किती पट जड आहे तो आकडा.

०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा, एक छोटा प्लास्टिकचा पेला आणि बारीक दोरा एवढंच लागतं. आधी कोरडा दगड तोला. मग पेल्यात पाणी घालून पेला काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. आता दगड दोऱ्याला बांधून पाण्यात असा सोडा की तो पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही. दोरा हातातच धरायचा. काट्यावर जो आकडा येईल ते दगडाने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. कोरड्या वजनाला या आकड्याने भागा.

उदाहरण घ्या. जांभळा तुकडा, कोरडं वजन ८.४८ ग्रॅम, पाण्यात सोडल्यावर काटा दाखवतो ३.२०. भागाकार २.६५. हे क्वार्ट्झचं विशिष्ट गुरुत्व, म्हणजे तुकडा ॲमेथिस्ट (जांभळा क्वार्ट्झ) असण्याची शक्यता दाट. तोच तुकडा फ्लोराइटचा असता तर काट्याने २.६७ च्या जवळपास दाखवलं असतं, कारण फ्लोराइट ३.१८ चं. डोळ्यांना सारखी दिसणारी दोन खनिजं एका पेल्याने वेगळी केली.

लक्षात ठेवण्यासारखे आकडे: अंबर १.०८, बेरिल (पाचू, ॲक्वामरीन) सुमारे २.७, तुरमली ३.०६, टोपाझ ३.५३, हिरा ३.५२, स्पिनेल ३.६०, कुरुंद ४.००, झिरकॉन ४.६ ते ४.७, आणि हिऱ्याची नक्कल म्हणून वापरतात तो क्यूबिक झिर्कोनिया ५.६ च्या वर. म्हणजे सुट्या खड्याच्या बाबतीत हिरा आणि झिर्कोनिया यांची गफलत व्हायचं काही कारणच नाही.

चुका कुठे होतात? दगडाला हवेचे बुडबुडे चिकटतात, ते ओल्या ब्रशने झटका. सच्छिद्र दगड पाणी पितो, त्याचा आकडा धरू नका. ओपल आणि पिरोजा यांच्यावर हा प्रयोग नकोच. आणि दगड फार लहान असेल तर काट्याची चूकच मोठी होते: अर्ध्या ग्रॅमच्या क्वार्ट्झवर काटा ०.१८ किंवा ०.२० दाखवेल आणि उत्तर २.७८ किंवा २.५० येईल. म्हणजे बेरिल, क्वार्ट्झ, फेल्डस्पार सगळे एकाच टोपलीत.

प्रकाशाची तपासणी म्हणजे काय? महागडी यंत्रं लागतात का?

अपवर्तनांक, म्हणजे खड्यात शिरताना प्रकाश किती वळतो तो आकडा, मोजायला यंत्र लागतं. पण प्रकाशाची एक फार उपयोगी तपासणी लॅपटॉपच्या साध्या एलसीडी पडद्यावर होते. त्या पडद्यातून येणारा प्रकाश ध्रुवित असतो, म्हणजे त्याच्या लहरी एकाच दिशेत हलतात. पडदा पांढरा करा, ध्रुवीकरण करणारा गॉगल पडद्यासमोर धरून फिरवा. एका स्थितीत पडदा काळा पडेल. तिथे थांबा. आता पारदर्शक खडा पडदा आणि गॉगल यांच्यामध्ये धरून सावकाश गोल फिरवा.

खडा एका पूर्ण फेरीत चार वेळा उजळला आणि चार वेळा विझला, तर तो प्रकाशाचे दोन किरण करणारा आहे: क्वार्ट्झ, टोपाझ, कुरुंद, बेरिल, तुरमली वगैरे. काळाच राहिला तर हिरा, स्पिनेल, गार्नेट, फ्लोराइट किंवा काच. सतत उजळच राहिला तर आत असंख्य बारीक स्फटिक आहेत, अकीकासारखे. एका दिशेने बघून निकाल देऊ नका. क्वार्ट्झसारख्या खनिजातही एक दिशा अशी असते की तिथून बघितलं तर ते काळंच दिसतं, म्हणून खडा दोन-तीन बाजूंनी धरून बघा. काच आणि गार्नेट कधीकधी आतल्या ताणामुळे डाग डाग उजळतात. ते विझणं-पेटणं ठसठशीत नसतं, सापासारखं वळवळतं. दोन-चार ओळखीचे खडे बघितले की नजर बसते.

लाल पारदर्शक दगड सापडला आहे. माणिक असेल का?

या प्रश्नात भले भले फसले आहेत, अगदी राजघराणीसुद्धा. ब्रिटिश राजमुकुटातला 'ब्लॅक प्रिन्स रूबी' हा माणिक नाही, स्पिनेल आहे. जहांगीराचं नाव कोरलेला 'तैमूर रूबी', वजन ३५२.५ कॅरट, तोही स्पिनेलच. आपल्याकडे स्पिनेलला लालडी म्हणत. १७८३ मध्ये रोमे द लील या फ्रेंच अभ्यासकाने स्पिनेल आणि माणिक ही वेगळी खनिजं असल्याचं दाखवून दिलं. तोपर्यंत 'लाल आणि झळझळीत' म्हणजे माणिक असाच हिशेब होता. दोष त्या लोकांचा नाही. दोन्हींचा लाल रंग क्रोमियममुळे येतो आणि दोन्ही एकाच खाणीत, एकाच वाळूत शेजारी शेजारी सापडतात.

आता वरच्या दोन तपासण्या एकत्र लावू. समजा लाल खडा ६.१२ ग्रॅमचा, पाण्यात १.७० दाखवतो. भागाकार ३.६०. कुरुंद नाही, कारण त्याचं ४.०० यायला हवं होतं. स्पिनेलकडे बोट जातं. पडद्यासमोर तो काळाच राहिला तर स्पिनेलचा दावा पक्का होत जातो.

पण आकडा ४.०५ आला तर? नाचू नका. ॲल्मंडाइन हे सर्वसाधारण लाल गार्नेटही त्याच घरातलं आहे. इथे वजन हात टेकतं आणि प्रकाश कामाला येतो: माणिक चार वेळा पेटतं-विझतं, गार्नेट तसं करत नाही. शिवाय माणिक दोन दिशांनी दोन छटा दाखवतं, एकीकडून जांभळट लाल, दुसरीकडून नारिंगी लाल. गार्नेट कुठूनही बघा, एकच लाल. आणि बरीच माणकं अतिनील टॉर्चखाली निखाऱ्यासारखी उजळतात, गार्नेट मख्ख राहतं.

तुमचा दगड अजून खडकात रुतलेला असेल आणि बारा चौकटी तोंडांचा गोलसर दाणा दिसत असेल, तर एवढा सगळा खटाटोप न करता गार्नेट म्हणून टाका.

काच आणि खडा यांत फरक कसा करायचा?

भिंगातून आत बघा. गोल बुडबुडे आणि पाकासारख्या वळणदार रेघा दिसल्या तर काच. साच्यातून काढलेल्या काचेच्या पैलूंच्या कडा बोथट, गोलसर असतात. दगडावर पाडलेल्या पैलूंची कड धारदार असते. गालाला लावून बघा: स्फटिक गार लागतो आणि काही क्षण गारच राहतो, काच लवकर कोमट होते. प्लास्टिक तर सुरुवातीपासूनच कोमट.

बाजारातली नावं सांभाळून घ्या. 'ओपलाइट' ही दुधी काच आहे. 'गोल्डस्टोन'मधले चमकणारे ठिपके काचेतल्या तांब्याच्या स्फटिकांचे. रस्त्याकडेला, जुन्या रेल्वेमार्गालगत मिळणारे निळे-हिरवे काचेरी गोळे बहुधा धातू गाळताना उरलेली मळी असते. तिच्यात फुगलेले बुडबुडे हमखास दिसतात.

कृत्रिम खडा म्हणजे खोटा खडा का?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नक्कल म्हणजे दिसायला तसा, घडणीने भलताच, जसं माणकाच्या जागी लाल काच. कृत्रिम म्हणजे घडण तंतोतंत तीच, फक्त प्रयोगशाळेत वाढवलेला. ऑग्यूस्त व्हर्नुई याने ज्वाळेत भुकटी वितळवून माणिक बनवण्याची रीत १९०२ मध्ये जाहीर केली. म्हणून "आजीच्या अंगठीतला आहे, म्हणजे खराच असणार" या वाक्याला मी दचकतो. आजीच्या आधीपासून कृत्रिम माणकं मिळत होती.

व्हर्नुई पद्धतीच्या माणकात भिंगाखाली रेघा वक्र दिसतात, ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या. नैसर्गिक कुरुंदात वाढीच्या रेघा सरळ असतात, कोनात वळतात. रेशमासारख्या बारीक सुया दिसल्या तर त्या रूटाइल या खनिजाच्या, आणि ते बहुधा निसर्गाचं काम. अगदी निर्मळ, मोठा, गडद रंगाचा खडा हातात आला की आधी संशय घ्या.

पण हा सिट्रीन (पिवळा क्वार्ट्झ) तर नैसर्गिक आहे ना? विकणाऱ्याने तसं सांगितलं.

मलाही सांगितलं होतं. संग्रह सुरू केल्याच्या पहिल्या वर्षी मी केशरी स्फटिकांचा मुठीएवढा घड घेतला, कपाटात सगळ्यांत वर ठेवला आणि वर्षभर आल्यागेल्याला दाखवला. मग एका जाणत्याने तो उलटा केला. खालचा भाग खडूसारखा पांढराफटक, टोकांकडे करपल्यासारखा नारिंगी. भाजलेला ॲमेथिस्ट होता. ४०० अंश सेल्सिअसच्या वर तापवला की ॲमेथिस्टचा जांभळा रंग जाऊन पिवळा-नारिंगी येतो. नैसर्गिक सिट्रीन बहुतेक वेळा फिकट, किंचित धुरकट पिवळा असतो. तो घड अजून माझ्याकडे आहे, फक्त चिठ्ठी बदलली.

तापवणं हा गुन्हा नाही, न सांगणं हा आहे. माणिक-नीलम सर्रास तापवले जातात, पाचूच्या भेगांत तेल भरतात, निळा टोपाझ बहुतांशी किरणांचा मारा करून निळा केलेला असतो. झळझळीत गुलाबी किंवा निळा अकीक रंगवलेला समजा. रंग भेगांत साठलेला दिसतो. पिरोजा म्हणून रंगवलेला हाउलाइट पुष्कळ खपतो, तो सुरीने सहज ओरखडला जातो.

कस बघणं म्हणजे नक्की काय?

सोनाराची कसोटी आठवा. खनिजासाठी तशीच पांढरी, चकाकी नसलेली चिनी मातीची फरशी घेतात (घरच्या टाइलची मागची बाजू चालते) आणि खनिज तिच्यावर घासतात. उमटलेल्या रेघेचा रंग म्हणजे कस. हेमॅटाइट बाहेरून काळंकुळीत असलं तरी कस तांबडा. पायराइट सोन्यासारखं पिवळं, कस हिरवट काळा. खऱ्या सोन्याचा कस सोनेरीच. धातूच्या खनिजांसाठी ही उत्तम युक्ती. रत्नांसाठी जवळपास निरुपयोगी, कारण बहुतेकांचा कस पांढरा, आणि क्वार्ट्झच्या वरची खनिजं उलट फरशीच ओरखडतात.

व्हिनेगर टाकून बघू का?

कॅल्साइट असेल तर बुडबुडे येतील, भुकटी केली तर जास्त. पण मोती, पोवळं, मॅलाकाइट यांच्याजवळ आम्ल नेऊ नका. त्यांचा पृष्ठभाग तिथल्या तिथे खराब होतो.

दगडाला सपाट, आरशासारखी तोंडं आहेत. कोणीतरी पैलू पाडले असतील?

गरज नाही. स्फटिक तसाच वाढतो. क्वार्ट्झचा सहाकोनी खांब असतो, त्याच्या बाजूंवर आडव्या रेघा. तुरमलीचा छेद फुगीर त्रिकोणासारखा आणि रेघा उभ्या. बेरिलही सहाकोनी, पण डोकं सपाट. स्पिनेल आणि हिरा आठ तोंडांचे.

तुटल्यावर सपाट होणं ही वेगळी गोष्ट, तिला पाटन म्हणतात. अभ्रक एकाच दिशेने पापुद्र्यांत सुटतं, कॅल्साइट तीन दिशांनी तिरक्या ठोकळ्यांत, फ्लोराइट चार दिशांनी. क्वार्ट्झला पाटन जवळजवळ नाहीच. ते शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखं वळणदार फुटतं, काचेसारखंच. म्हणून फुटक्या तुकड्यात पायऱ्या पायऱ्या दिसल्या तर क्वार्ट्झ खोडून टाका.

जड काळा दगड, चुंबक चिकटतं. उल्का असेल?

बहुधा मॅग्नेटाइट किंवा भट्टीतली मळी. उल्केवर अंड्याच्या कवचासारखा पातळ काळा थर असतो, आत बुडबुड्यांची भोकं नसतात, कोपरा घासला की बऱ्याच उल्कांत धातूचे चकचकीत कण दिसतात. कस ठळक काळा आला तर मॅग्नेटाइट, तांबडा आला तर हेमॅटाइट. भोकं दिसली की आशा सोडा.

अतिनील टॉर्च घ्यावा का?

घ्यावा, मजेसाठीही. अतिनील प्रकाशात दगड असा उजळतो त्याला प्रतिदीप्ती म्हणतात, आणि तिच्यासाठीचा 'फ्लोरेसन्स' हा इंग्रजी शब्द फ्लोराइटवरूनच १८५२ मध्ये जॉर्ज स्टोक्स यांनी दिला. पण दगड उजळला म्हणजे अमुकच, असा नियम नाही. एकाच खनिजाचे दोन नमुने वेगळे वागतात. टॉर्चचा खरा फायदा दुसरीकडे आहे: खडकावर डकवलेला स्फटिक विकतात तेव्हा गोंदाची निळसर पांढरी रेघ अंधारात चटकन दिसते. डोळ्यांत मात्र मारून घेऊ नका.

कॅरट म्हणजे खड्याचा आकार का?

वजन. एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम. कुरुंद जड असल्यामुळे एक कॅरटचं माणिक एक कॅरटच्या ॲमेथिस्टपेक्षा लहान दिसतं. सोन्याचा कॅरट निराळा, तो शुद्धतेचा.

दगड हाताळणं धोक्याचं असू शकतं का?

थोड्या दगडांचं. लालभडक हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक. मनशीळ आणि हरताळ यांत आर्सेनिक. गॅलेना, चौकोनी आणि शिशासारखं जड, ते शिशाचंच खनिज. कापसासारखे बारीक तंतू सुटणारा दगड ॲस्बेस्टॉसचा असू शकतो, तो पिशवीत बंद करा. ओळख न पटलेला दगड चाटायचा नाही, पिण्याच्या पाण्यात टाकायचा नाही, हात धुवायचे. आणि कोणताही दगड कोरडा कापू किंवा घासू नका: गारगोटीची धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि बाहेर येत नाही. कापताना पाणी आणि योग्य मास्क हवाच.

दगड स्वच्छ कसे करायचे?

आधी ओळखायचे, मग धुवायचे. हा क्रम मी उलटा केला होता. सैंधवाचा सुबक घनाकृती स्फटिक, त्यावर धूळ, नळ सोडला आणि जुन्या टूथब्रशने घासायला लागलो. कडा बोटांखाली गोल होत चालल्याचं जाणवलं तेव्हा उशीर झाला होता. मिठाचंच खनिज ते, दुसरं काय होणार. आता तो साबणाच्या वडीसारखा दिसतो.

क्वार्ट्झ, अकीक, गार्नेट यांना कोमट पाणी, साधा साबण आणि मऊ ब्रश पुरे. ओपल, पिरोजा, मोती, जिप्सम यांना कोरडा मऊ ब्रश.

आणि ठेवायचे कसे?

प्रत्येक दगड वेगळ्या खणात. एकाच डब्यात खुळखुळले तर कठीण दगड मऊ दगडांना ओरबाडतात. ॲमेथिस्ट, फ्लोराइट, कुंझाइट खिडकीत ठेवू नका, उन्हाने फिकटतात. मनशीळ उजेडात भुगा होऊन पडते. पायराइटला दमट हवा सोसत नाही. त्यातून गंधकाम्ल तयार होतं आणि ते खालची चिठ्ठी आणि खोकासुद्धा खातं.

चिठ्ठीवरून आठवलं. दगडावर पांढऱ्या रंगाचा लहान ठिपका, त्यावर क्रमांक, आणि वहीत त्या क्रमांकापुढे कुठे मिळाला, कधी, कोणत्या खडकात, शेजारी काय होतं. ही नोंद त्याच दिवशी करा. नाव पुढे कधीही शोधता येतं, जागा विसरली तर ती परत मिळत नाही. आणि जागा हीच ओळखीची मोठी खूण असते: संगमरवरात सापडलेल्या लाल दाण्याला स्पिनेल किंवा माणिक म्हणायला आधार आहे, अभ्रकाच्या शिस्टमध्ये (पापुद्र्यांसारखे थर असलेल्या खडकात) सापडलेल्याला आधी गार्नेट म्हणायचं.

कुठेही दगड उचलले तर चालतात का?

नाही. जमीन कुणाची तरी असते, परवानगी घ्या. राष्ट्रीय उद्यानं आणि संरक्षित जागा सोडून द्या, नियम देशागणिक वेगळे आहेत. चालू खाणीत परवानगीशिवाय पाऊल नको. वरची दरड विचारून खाली येत नाही.

प्रयोगशाळेत कधी जायचं?

पैशाचा मोठा व्यवहार असेल तेव्हा, आणि प्रश्न "नैसर्गिक की कृत्रिम", "तापवलेला की नाही" असा असेल तेव्हा. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा हिराच असतो. विशिष्ट गुरुत्व तेच, कठिनता तीच. भिंगाने तो वेगळा काढता येत नाही, वर्णपटाची यंत्रं लागतात. हिरा तपासायचा पेनसुद्धा फक्त उष्णता किती झपाट्याने वाहते ते बघतो, आणि मॉइसनाइट हा हिऱ्यासारखा दिसणारा वेगळा खडा त्याला आरामात चकवतो. भिंगातून तिरकं बघितलं तर मॉइसनाइटच्या मागच्या कडा दुहेरी दिसतात, हिऱ्याच्या कधीच नाही. साध्या खनिजासाठी जवळच्या महाविद्यालयाचा भूविज्ञान विभाग विचारून बघा. कोरडा, तुटलेली बाजू असलेला तुकडा आणि जागेची नोंद घेऊन गेलात तर लोक आनंदाने वेळ देतात.

सगळं करूनही ओळखू आला नाही तर?

चिठ्ठीवर 'अनोळखी' लिहा, खाली तुम्ही मोजलेले आकडे आणि खोडलेली नावं लिहा. माझ्याकडे अशा दगडांचा एक खण आहे. त्यातला १७ क्रमांकाचा हिरवट दगड गेली सहा वर्षं तिथेच आहे: विशिष्ट गुरुत्व ३.३, सुरीला दाद देत नाही, आम्लाला नाही, चुंबकाला नाही. वहीत त्याच्यापुढे चार नावं खोडलेली आहेत आणि पाचव्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह आहे.